रिबाव्हिरिन चालू असताना हिमोग्लोबिन उतरतं तेव्हा

हिपॅटायटिस सीचा उपचार सुरू झाला आणि दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन साडेबारावरून साडेदहावर आलं, की सांगली-मिरजेकडच्या घरात पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. तासगावचा बेदाणा भिजत पडतो. बीटाचा रस, खजूर, काकवी, अळिवाचे लाडू सुरू होतात. मेडिकलमधून लोहाचं टॉनिक येतं. एखादा जाणता पाहुणा गावातल्या डॉक्टरकडून 'ताकदीची सलाईन' लावून आणतो. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा आणखी खाली गेलेला असतो. कारण सरळ आहे: या ॲनिमियात बहुतेक वेळा लोह कमी पडलेलंच नसतं. तांबड्या पेशी मुदतीआधी फुटत असतात, आणि त्या फोडणारं औषध, म्हणजे रिबाव्हिरिन, दिवसातून दोनदा पोटात जात असतं. त्यावरचा उपाय कॅप्सूलच्या मोजणीत आहे. बेदाणा खावा, चांगलाच असतो, पण तो या कामाचा नाही.

आधी आपण नक्की कोणतं औषध घेतोय ते बाटलीवर वाचा. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यातून तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. त्यातल्या उपचाराच्या मुख्य वाटा तीन. सिरॉसिस (लिव्हर कडक आणि गाठाळ होणं) नसेल तर सोफोस्बुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्व्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक गोळी, १२ आठवडे. सिरॉसिस आहे पण लिव्हर अजून काम रेटतंय, तर सोफोस्बुव्हिर-वेल्पाटास्व्हिरची ४००/१०० ची एकच गोळी, १२ आठवडे. पोटात पाणी झालंय, रक्ताची उलटी होऊन गेलीय, डोळे पिवळे आहेत किंवा माणूस मधूनच भ्रमात जातोय, म्हणजे लिव्हरने हात टेकलेत, तर त्याच गोळीसोबत रिबाव्हिरिन, १२ आठवडे. रिबाव्हिरिन झेपणारच नसेल तर ती गोळी एकटी, पण २४ आठवडे. आधीचा उपचार फसलेल्या काही पेशंटनाही रिबाव्हिरिन जोडून देतात.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सोफोस्बुव्हिर, डॅक्लाटास्व्हिर आणि वेल्पाटास्व्हिर यांनी हिमोग्लोबिन सहसा असं घसरत नाही. रिबाव्हिरिन चालू नसताना ते दीड-दोनने उतरलं, तर 'औषधाची गरमी' म्हणून सोडून देऊ नका. रक्त कुठेतरी जातंय किंवा तयार होत नाहीये, आणि ते शोधायला हवं.

मग रिबाव्हिरिन द्यायचंच कशाला, सरळ २४ आठवड्यांची वाट का नाही? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्ट्रल-४ या चाचणीत थकलेल्या लिव्हरच्या पेशंटचे तीन गट होते. नुसती गोळी १२ आठवडे घेणाऱ्यांत ८३ टक्के बरे झाले, रिबाव्हिरिन जोडून १२ आठवड्यांत ९४ टक्के, आणि नुसती गोळी २४ आठवडे घेऊन ८६ टक्के. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप ३ या व्हायरसच्या प्रकारात तर अंतर आणखी उघडं दिसलं: रिबाव्हिरिनसह १३ पैकी ११, त्याशिवाय १४ पैकी ७ आणि १२ पैकी ६. माणसं मूठभर आहेत, त्यामुळे टक्क्यांवर फार जोर देऊ नये. पण रिबाव्हिरिन उगाच दिलेलं नाही एवढं त्यातून कळतं. रिबाव्हिरिन घेणाऱ्या गटात ॲनिमिया साधारण ३१ टक्के लोकांना झाला. म्हणजे ही अपेक्षित गोष्ट आहे. सुरुवातीपासून तिच्यावर नजर ठेवली तर उपचार अर्ध्यावर सोडायची वेळ सहसा येत नाही.

पेशी फुटतात कशा

रिबाव्हिरिन तांबड्या पेशीत शिरलं की तिथे त्याला फॉस्फेट जोडले जातात. इतर पेशींकडे हे फॉस्फेट पुन्हा काढून टाकणारी एन्झाइम असतात. तांबड्या पेशीकडे ती नसतात. त्यामुळे औषध आत येतं आणि अडकून पडतं. पेशीची ऊर्जा कमी होते, आवरण कडक आणि कमकुवत होतं, आणि पाणथरी (प्लीहा) अशा पेशी उचलून मोडीत काढते. एरवी १२० दिवस जगणारी पेशी आधीच संपते.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या. एक, मोडलेल्या पेशीतलं लोह वाया जात नाही. शरीर ते गोळा करून साठ्यात टाकतं, म्हणून साठा भरलेला आणि हिमोग्लोबिन कमी, असं चित्र दिसतं. शिवाय हिपॅटायटिस सीमध्ये लिव्हरमध्ये लोह आधीच जास्त साचण्याकडे कल असतो. त्यात वरून ओतलेलं लोह लिव्हरला ताप देतं. दोन, तांबड्या पेशीतून रिबाव्हिरिन निम्मं व्हायला सुमारे ४० दिवस लागतात. आज डोस कमी केला तर उद्या फरक दिसत नाही. ही गोष्ट कुणी आधी सांगितलेली नसते, आणि डोस घटवल्यावरही आकडा खाली गेला की घरचे घाबरून सगळंच बंद करतात.

उतार पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होतो, चार ते आठ आठवड्यांत तळाला पोचतो, आणि नंतर बहुतेकांचं हिमोग्लोबिन त्याच पातळीवर टिकतं. जुन्या काळी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतलेल्या नातेवाइकांच्या हकिगती ऐकून धास्ती घेऊ नका. इंटरफेरॉन अस्थिमज्जेचंच (हाडांच्या आतली, रक्तपेशी बनवणारी मज्जा) काम दाबायचं; पेशी फुटायच्या आणि नव्याही बनायच्या नाहीत. शिवाय ते सगळं २४ ते ४८ आठवडे चालायचं. आता मज्जा मोकळी असते, भरपाई करते, आणि काम १२ आठवड्यांचं आहे.

पहिली कॅप्सूल घेण्याआधी

सुरुवातीचा सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) जपून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्याच्या मागेपुढे होतात. त्याच दिवशी क्रिएटिनिन (किडनीचं काम), बिलिरुबिनचे दोन्ही भाग (काविळीचा आकडा), रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं वापरायला मिळणारं लोह) आणि बी१२ करून घेतलं तर नंतर कोडी पडत नाहीत. बी१२ मुद्दाम सांगतोय. सातारा-सांगलीत माळकरी घरं पुष्कळ. वर्षानुवर्षं अंडं-मटण नाही आणि दूधही चहापुरतंच, अशा माणसाचं बी१२ आधीच तळाला असतं. मग पेशी फुटल्या तरी मज्जेला नव्या बनवायला कच्चा माल नाही. इथे बी१२ दिलं की खरोखर फरक पडतो. दारू सोडून थोडेच दिवस झालेल्यांचं फॉलिक ॲसिडही कमी असतं. पेशींची उलाढाल वाढली की फॉलिक ॲसिड जास्त खर्च होतं, म्हणून ५ मिलिग्रॅमची गोळी बरेच डॉक्टर रोज देतात. स्वस्त आहे, त्रास नाही, पण बी१२ न पाहता एकटी देऊ नये: रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात आणि पायांच्या मुंग्या वाढत राहतात.

थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल असेल तर रिबाव्हिरिन द्यायचंच नाही. घराण्यात तसं काही असेल, किंवा सीबीसीत एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) फारच कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर आधी हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी तपासणी करून घ्यावी. एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असलेल्यांनी गोळ्यांत झिडोव्हुडिन आहे का ते विचारावं. ते आणि रिबाव्हिरिन मिळून हिमोग्लोबिन फार खाली नेतात, आणि एआरटी केंद्रावर ते बदलून मिळू शकतं. कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोनही तांबड्या पेशी फोडतं. हृदयविकार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण तुमच्यासाठी नियम जास्त कडक आहेत.

हिमोग्लोबिन मुळातच १० च्या खाली असेल, तर रिबाव्हिरिनशिवाय २४ आठवडे घ्यायचे का, हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावा. चौथ्या आठवड्यात विचारण्यापेक्षा ते बरं.

कॅप्सूलची मोजणी

रिबाव्हिरिन २०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल किंवा गोळीत येतं. पूर्ण डोस वजनावर: ७५ किलोच्या आत १००० मिलिग्रॅम, म्हणजे सकाळी २ आणि संध्याकाळी ३, ७५ आणि त्यावर १२००, म्हणजे ३ आणि ३. लिव्हर थकलेलं असेल तर सुरुवात ६०० ने करतात, सकाळी १ आणि संध्याकाळी २, आणि झेपेल तसं २००-२०० ने चढवतात. दोन्ही वेळा जेवणाबरोबर घ्यायचं. संध्याकाळची मात्रा रात्री दहा-अकराला घेतली तर झोप उडते, म्हणून दिवेलागणीच्या जेवणाला घेतलेली बरी.

हृदय ठणठणीत असलेल्यांसाठी ठरलेल्या पायऱ्या अशा: हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं तर डोस ६०० वर आणायचा, ८.५ च्या खाली गेलं तर रिबाव्हिरिन थांबवायचं. जुना पण स्थिर हृदयविकार असेल तर १० ची वाट पाहायची नाही. कुठल्याही चार आठवड्यांत २ ने उतरलं की डोस कमी, आणि कमी डोसवर चार आठवडे काढूनही १२ च्या खालीच असेल तर बंद. हे बदल डॉक्टरच करणार. पण जत, आटपाडी किंवा माण-खटावहून सिव्हिलला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. अशा वेळी कुठल्या आकड्याला फोन करायचा हे पेशंटला तोंडपाठ असलेलं बरं. औषधाच्या बाटलीवर पट्टी चिकटवून दोनच आकडे लिहून ठेवा: १० आणि ८.५.

एक उदाहरण घेऊ. समजा ६२ किलोचे गृहस्थ आहेत, सुरुवातीचं हिमोग्लोबिन १२.४, डोस ६००. दुसऱ्या आठवड्यात ११.६, ठीक आहे म्हणून डॉक्टरांनी ८०० केला. चौथ्यात १०.३. सहाव्यात ९.७, म्हणून पुन्हा ६००. सातव्यात बघावं तर ९.३. इथेच गडबड होते. डोस कमी करूनही उतरलं म्हणजे आतून रक्तस्राव होतोय की काय, अशी शंका येते. शौचाचा रंग नीट असेल, नाडी स्थिर असेल आणि एमसीव्ही खाली गेलेला नसेल, तर हा आधीच साठलेल्या औषधाचा उशिरा दिसणारा परिणाम असतो. नवव्या आठवड्याला आकडा ९.५ च्या आसपास थांबतो आणि पुढे हळूहळू चढतो. या सबंध काळात सोफोस्बुव्हिर-वेल्पाटास्व्हिरची एकही गोळी चुकलेली नसते, आणि उपचाराचं खरं वजन त्या गोळीवरच असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. 'डॉक्टरांनी औषध कमी करायला सांगितलंय' हा निरोप घरी पोचेपर्यंत बदलतो, आणि कमी होते भलतीच गोळी. काही जण सोफोस्बुव्हिर-वेल्पाटास्व्हिर मोडून अर्धी घेतात, काही जण दोन्ही औषधं आठवडाभर बंद ठेवतात. १२ आठवडे म्हणजे ८४ गोळ्या, २८ च्या तीन बाटल्या. त्यातली एकही ॲनिमियासाठी कमी करायची नसते. कमी होतं ते फक्त रिबाव्हिरिन. हवं तर त्या बाटलीला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की डोस बदलला तर लाल दोऱ्याच्याच बाटलीचा. राहून गेलेला डोस दुसऱ्या वेळी दुप्पट करून घ्यायचा नाही.

क्रिएटिनिनकडे दुर्लक्ष होतं

रिबाव्हिरिन मोठ्या प्रमाणात किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी मंदावली की तोच डोस रक्तात साठत जातो आणि हिमोग्लोबिन घसरतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा आकडा) ५० च्या खाली असेल तर एक दिवस २०० आणि एक दिवस ४०० मिलिग्रॅम, आणि ३० च्या खाली किंवा डायलिसिसवर असेल तर रोज फक्त २००, असा डोस असतो. डायलिसिसने ते फारसं धुऊन निघत नाही.

इकडे किडनी बसायची कारणं ठरलेली आहेत. ऊसतोडीच्या नाहीतर द्राक्षबागेच्या कामात कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. उन्हात पाणी कमी. जुलाब-उलट्या. त्यात पोटातलं पाणी उतरवायला लघवीच्या गोळ्या चालू असतातच. तीन-चार दिवसांत क्रिएटिनिन ०.९ चं १.८ होतं आणि पुढच्या दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन कोसळतं. तेव्हा कुणालाही ते इंजेक्शन आठवत नाही. सिरॉसिसमध्ये डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांची भावंडं किडनी आणि जठर दोन्ही बिघडवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, तेही डॉक्टरांना विचारून. जुलाब लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता औषध देणाऱ्या केंद्रावर फोन करून लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं ते विचारा. सीबीसीला रक्त द्याल तेव्हा त्याच वेळी क्रिएटिनिनचंही द्या. आठवडा २, आठवडा ४ आणि मग दर महिन्याला हा किमान क्रम. डोस बदलला की दोन आठवड्यांनी एक जादा.

लॅब एकच ठेवा. तालुक्याच्या एका लॅबचा आणि मिरजेतल्या दुसऱ्या लॅबचा आकडा थोडा इकडेतिकडे असतोच, आणि डोस ठरवताना तेवढ्याने निर्णय फिरतो. सलाईन लावलेल्या हातातून रक्त काढू देऊ नका, हिमोग्लोबिन खोटं कमी दिसतं. पोटात आणि पायात पाणी भरलेलं असतानाही रक्त पातळ होऊन आकडा खाली दिसतो. पाणी उतरल्यावर तोच आकडा काही न करता थोडा वर येतो.

रिपोर्टमधले चकवे

पेशी फुटल्या की बिलिरुबिन वाढतं, आणि डोळे थोडे पिवळे दिसू लागतात. पिवळे डोळे दिसले की गाव सांगतं कावीळ उतरवून घ्या: माळ घाला, नाकात थेंब टाका, झाडपाल्याचं औषध तीन सकाळी घ्या. अशा वेळी रिपोर्टमध्ये बिलिरुबिनचे दोन भाग वेगळे बघायचे. वाढ इनडायरेक्ट भागात असेल, एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात येणारं एन्झाइम) आणि रेटिक्युलोसाइट वाढलेले असतील, तर ती फुटलेल्या पेशींची खूण आहे. डायरेक्ट भाग चढतोय, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) वाढतोय, पोट फुगतंय, माणूस गुंगीत आहे, तर लिव्हर खरंच बिघडतंय आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. झाडपाल्याबद्दल एकच सांगतो: गुळवेलीच्या काढ्यांमुळे लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. सांगलीची हळद आमटीत हवी तेवढी टाका. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका. आणि लोहभस्म किंवा मंडूरभस्म म्हणजे पुन्हा लोहच.

मधुमेहींसाठी दुसरा चकवा. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) मोजताना तांबड्या पेशी दोन-तीन महिने जुन्या आहेत असं गृहीत असतं. इथे पेशी तरुणपणीच मरताहेत, त्यामुळे साखर चढलेली असूनही एचबीए१सी ५.५ येऊ शकतं. रिबाव्हिरिन चालू असताना आणि त्यानंतरही तीनेक महिने या तपासणीवर विसंबू नका. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर ग्लुकोमीटरवर बघा. व्हायरस गेला की काही जणांची साखर खरोखरच उतरते आणि जुन्याच गोळ्यांवर ती फार खाली जाते. म्हणून मीटर दोन्ही कारणांसाठी लागतो.

तिसरा चकवा करोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरचा. दम लागला म्हणून बोटाला लावला, ९८ आला, सगळे निवांत. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांवर ऑक्सिजन आहे. हिमोग्लोबिनच निम्मं झालं तरी तो ९८ दाखवणार. त्याच्या पडद्यावरचा दुसरा आकडा, नाडीचा, जास्त कामाचा आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून नाडी लिहून ठेवा. नेहमी ७८ असणारी नाडी ९६ वर जाऊन बसली तर सीबीसीची तारीख पुढे ओढायची. अर्थात व्हेरिसेससाठी (अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांसाठी) प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू असेल तर नाडी वाढतच नाही. मग जिना चढताना कितव्या पायरीला थांबावं लागतं तेच बघायचं.

लोह खरंच कधी लागतं

सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा, जठराचं सुजलेलं अस्तर किंवा मूळव्याध यांतून थेंब-थेंब रक्त जाऊ शकतं. ते आणि रिबाव्हिरिन एकाच वेळी चालू असू शकतात. ओळख अशी: नुसत्या रिबाव्हिरिनने एमसीव्ही तसाच राहतो किंवा किंचित वाढतो, लोह कमी पडत असेल तर एमसीव्ही घसरतो. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह नक्की कमी. लिव्हरच्या सुजेने फेरिटिन खोटं वाढलेलं असतं, म्हणून ६०-७० आलं तरी निश्चिंत होऊ नये. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते पाहावं. असेल तर लोह द्यायचं, आणि त्याच वेळी दुर्बिणीने रक्त कुठून जातंय तेही शोधायचं. दिवसाआड एक गोळी पुरते. चहाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर.

लोह कमी नसताना घेतलेली गोळी निरुपद्रवी असते असंही नाही. तिने पोटात जळजळतं. जळजळ थांबवायला पॅन्टोप्राझोल येतं. पॅन्टोप्राझोलने जठरातलं आम्ल कमी होतं आणि वेल्पाटास्व्हिर नीट शोषलं जात नाही. एका अनावश्यक टॉनिकमुळे मुख्य औषध अर्धवट पोटात जातं, आणि याचा पत्ता १२ आठवड्यांनंतरच्या व्हायरल लोडमध्ये (रक्तातल्या व्हायरसच्या मोजणीत) लागतो. आम्लपित्ताची गोळी टाळताच येत नसेल तर वेल्पाटास्व्हिर जेवणाबरोबर आधी, आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम त्यानंतर चार तासांनी. साधं अँटासिडही चार तासांच्या अंतराने.

आणखी एक गोंधळ शौचाच्या रंगाचा. लोहाच्या गोळीने शौच हिरवट काळं आणि बांधलेलं होतं. आतल्या रक्तस्रावाने ते डांबरासारखं काळंभोर, चिकट आणि उग्र वासाचं होतं, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहतं. दुसऱ्या प्रकारचं दिसलं, रक्ताची उलटी झाली, छातीत दुखलं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डोसचा विचार नंतर. आधी १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय.

रक्त चढवण्याबद्दल थोडक्यात. 'एक बाटली चढवून टाका' हा आग्रह नातेवाइकांचा असतो. एक पिशवी पॅक्ड सेल्सने (रक्तातून वेगळ्या काढलेल्या तांबड्या पेशींनी) हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. सिरॉसिसमध्ये सहसा ७ च्या खाली, किंवा हृदय दमत असेल तर ८ च्या आसपास चढवतात, आणि तेही बेताने; गरजेपेक्षा जास्त रक्त दिलं तर पोटातल्या शिरांवर दाब वाढून त्याच फुटू शकतात. एरिथ्रोपोएटिनची (मज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावणारी) इंजेक्शनं इंटरफेरॉनच्या काळात आठवड्याला ४०,००० युनिट अशी देत. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि गुठळ्यांचा धोका असतो. १२ आठवड्यांच्या उपचारात डोस कमी करणं हेच जास्त शहाणपणाचं, त्यामुळे आता ती क्वचितच लागतात.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात अंगमेहनतीची कामं दुसऱ्याकडे सोपवा. लोणंद-फलटणच्या वाटेवरची पायी वारी किंवा सज्जनगडाच्या पायऱ्या याच काळात येत असतील तर त्या वर्षी गाडीने जावं. ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी चालत असतील तर अंडी, मूठभर शेंगदाणे, दूध-ताक असू द्या. प्रथिनं कमी पडली तर दंड-मांड्या वाळतात आणि त्या थकव्याचं खापर हिमोग्लोबिनवर फुटतं.

रिबाव्हिरिन थांबल्यावर हिमोग्लोबिन चार ते आठ आठवड्यांत मूळ पातळीकडे येतं. चौथ्या आठवड्याला एक सीबीसी करा. चढलेलं नसेल तर बी१२, लोह आणि दुर्बीण या क्रमाने पुन्हा शोध. गोळ्या संपल्यावर १२ आठवडे पूर्ण झाले की एचसीव्ही आरएनएची (रक्तात व्हायरस उरलाय का त्याची) तपासणी करायची. बरे झालात हे तीच सांगते. अँटिबॉडीची तपासणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते, तिच्यावर पुन्हा पैसे घालू नका. आणि रिबाव्हिरिन गर्भाला घातक आहे. पेशंट बाई असेल तर उपचार चालू असताना आणि संपल्यावर ९ महिने, पुरुष असेल तर त्याच्या पत्नीने ६ महिने गर्भधारणा टाळायची. पत्नी आधीच गरोदर असेल तर त्या पुरुषाला रिबाव्हिरिन देत नाहीत. उरलेल्या कॅप्सूल केंद्रावर परत करा, शेजारच्या पेशंटला देऊ नका. त्याचं वजन, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन वेगळं आहे.